न्हाणीतली पस्तीस फूट जमीन

६ नोव्हेंबर
सकाळी आठ. यांना आंघोळीला नेत होते. अमोलनं मागल्या दिवाळीत पुण्याहून पाठवलेलं ते विनाइल. मागचा कागद सोलायचा, फरशीवर दाबायचं, झालं म्हणे फ्लोअरिंग. त्याचा एक कोपरा उचकटलेला, त्यात यांचा उजवा पाय अडकला. लकव्यानंतर तो पाय उचलतच नाही, घासत येतो. मी काखेत धरलं म्हणून डोकं नळावर आपटलं नाही. पण दोघंही खाली बसलो. ओल्यात. दहा मिनिटं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लोकांना उचललं, स्वतःचा नवरा उचलता येईना.

हे काही बोलले नाहीत. दीड वर्षापासून 'बा' आणि 'नाई' एवढे दोनच शब्द आहेत त्यांच्याकडे. तेही वापरले नाहीत.

अमोलला फोन केला. म्हणतो, "आई, पण ते वॉटरप्रूफ होतं!"
होतं ना. पाणी वरून नाही गेलं, कडेनं गेलं. इंजिनिअरला विचारून जायची पाण्याला सवय नाही.

८ नोव्हेंबर
बसनं चंद्रपूर. फ्लोअरिंगचं दुकान. दुकानदार गुळगुळीत माणूस, हातात माप घ्यायची टेप, जणू स्टेथोस्कोप. न्हाणी पाच बाय सात, म्हणजे पस्तीस फूट. बिल बावन्न फुटांचं. का? तर रोलचा पन्हा साडेसहा फूट असतो, कमी कापून मिळत नाही, आणि भिंतीवर चार-चार इंच वर चढवावं लागतं. मग आठ फूट लांब, साडेसहा रुंद. एकशे दहा रुपये फूट. ५७२०. फक्त गुंडाळी.
"अँटी-स्किड आहे मॅडम, मुलं नाचली तरी घसरणार नाहीत."
म्हटलं, नाचायला कोणी नाही घरी, पडायला एक आहे.
हसला. विनोद वाटला त्याला.

गोंद ९५०, कडेचं सिलिकॉन ३००. बसवणारा वेगळा. त्याचा माणूस आमच्या मूल गावी यायचं गाडीभाडं धरून आठ हजार मागतो. आठ हजारात आमच्याकडं दोन खोल्यांना रंग होतो. शेवटी दुकानदारानंच वडस्याच्या एका खुशालचा नंबर दिला. "स्वस्तात करतो, हात चांगला आहे. फक्त थोडा कलाकार आहे."
कलाकार म्हणजे काय ते विचारायला हवं होतं.

१२ नोव्हेंबर
खुशाल आला, वडस्याहून पॅसेंजरनं. पंचेचाळिशीचा असेल. केस खांद्यापर्यंत, मिशी राजाची, चप्पल तुटकी. दारातच मोठ्यानं, "जयभीम बाई!" शेजारीपाजारी दचकावे असा आवाज. न्हाणीत उकिडवा बसला, स्क्रू-ड्रायव्हरनं कोपरा उचलला. खाली काळं पाणी. दवाखान्यात गँगरीनची पट्टी सोडताना यायचा तो वास.
"बाई, हे तं सडून राह्यलं इथी."
मले दिसत नाही का रे, म्हटलं.
हे काढायचे १८००, खालचं समतल करायचे १२००, नवीन बसवायचे २५००. जोडून ५५००, जणू ऑपरेशन. मी ४५०० म्हटलं. त्यानं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. "बाईच्या शब्दापुढं खुशाल नाई जाऊ शकत." तेव्हाच ओळखलं. विचारलं, नाटकात काम करतोस का?
"हाव ना बाई. झाडीपट्टीत. खलनायक."
बसवणारा म्हणून बोलावला, निघाला नाटक्या.

नाटक हा शब्द या घरात कोणी काढत नाही. हे वनरक्षक होते तेव्हा डिसेंबर-जानेवारी सायकल काढून कुठं कुठं नाटकाला जायचे. अमोल झाला त्या दिवशीही नाटकालाच. मी दुसऱ्यांची बाळंतपणं करणारी, माझ्या बाळंतपणात माझ्याजवळ फक्त दाई. चौतीस वर्षं झाली. विसरले नाही. विसरायचा विचारही नाही.

१४ नोव्हेंबर
आज जुनं काढलं. अमोलचं विनाइल केळीच्या सालीसारखं निघालं. त्याखाली गोंद, तो मात्र निघेना. खुशाल लोखंडी पत्रीनं खरवडतो आणि खरवडताना संवाद म्हणतो. "या गावात माझ्या परवानगीशिवाय झाडाचं पानबी हलत नाही!" पत्री खर्रर्र. परत तेच. सकाळपासून अकरा वेळा. मी स्वयंपाकघरातून मोजले.
ह्यांनी खुणेनं खुर्ची मागितली न्हाणीच्या दाराशी. आपण होऊन. मी आत न्यायला गेले तर हात झटकला.
खुशाल म्हणतो, "राहू द्या ना बाई, मले समोर मानूस पायजे."
समोर माणूस पाहिजे. तरी बरं, तिकीट नाही मागितलं.

१५ नोव्हेंबर
सिमेंटचा थर दिला. "दोन दिवस वाळू द्या, सतरा तारखेले येतो." अर्धे पैसे घेऊन गेला. २२५०. दिले. मी. तीस वर्षं जिनं पगारातला रुपया पाहून खर्च केला त्या बाईनं.

१७ नोव्हेंबर
आला नाही.

१८ नोव्हेंबर
आला नाही. फोन बंद.
न्हाणी म्हणजे उघडं सिमेंट, पाय ठेवता येत नाही. यांना मागच्या अंगणात घातली आंघोळ. दोरीवर जुनी साडी टाकून आडोसा केला. वाऱ्यानं साडी उडाली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. भली आहे बिचारी. पण पाहिलंच ना. वाघाच्या पावलांमागं बावीस वर्षं फिरलेला माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठीवरून साबण फिरवताना पाठ हलत होती. थंडीनं नाही.
मी तांब्यानं पाणी घालत राहिले. बोलायला यायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर
फोन लागला. पाठीमागं ढोलकी.
"बाई, प्रयोग हाये ना! सीझन सुरू झाला. तीन रात्री लागोपाठ."
मी बरंच बोलले. खलनायकालाही येणार नाही असं बोलले. तुझ्या नाटकापायी इथं एक माणूस अंगणात उघडा आंघोळ करून राह्यला, असंही बोलले.
मग म्हणतो, "बाई, पन आतापोतर येऊनबी काम झालं नसतं. थर ओला असन तं गोंद धरत नाई. लवकर टाकलं तं परत तुमच्या पोराच्या विनाइलवानी होईन."
बहाणा. नाटक्यांकडे बहाण्याला काय तोटा!
"प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, जमिनीले चारी बाजूनं चिकटपट्टी मारा. सकाळी आतून घाम दिसला तं माझं खरं."

२० नोव्हेंबर
तुकडा चिकटवला होता. आतून घाम.
याचा अर्थ तो प्रामाणिक आहे असा होत नाही. याचा अर्थ सिमेंट ओलं आहे.

अमोलचा व्हिडिओ कॉल. "आई, पुण्यात हे काम एका दिवसात होतं." मग ये घेऊन पुण्याला इकडे. म्हटलं नाही. त्याच्या मागं त्याच्या घरची पांढरी भिंत दिसत होती, तिच्यावर डाग नाही. 'बाबा कसे आहेत' असं विचारतो आणि उत्तराआधी घड्याळ पाहतो.

२२ नोव्हेंबर
आला. कानामागं रंग तसाच, लाल-काळा. झोपला नसावा. प्लॅस्टिक काढून हात फिरवला, मान डोलावली. म्हटलं, आता कौतुक पुरे.
काम मात्र... लिहावं लागतं. गुंडाळी आधी उन्हात उलगडून ठेवली, मऊ झाल्यावरच आत आणली. जुन्या वर्तमानपत्राचा नमुना कापला, न्हाणीच्या प्रत्येक कोपऱ्याचा, मोरीच्या जाळीचासुद्धा. मग नमुन्यावरून कापलं. गोंद दात्यांच्या पट्टीनं ओढला, सारखा. वरून लाटण्यासारखा रूळ फिरवला. भिंतीवर चार इंच चढवून कडेला सिलिकॉन. तीन तास. तीन तासांत एक शब्द बोलला नाही. हा माणूस गप्प बसू शकतो हे कळलं.

शेवटी उठला, कंबर धरली, आणि सवयीनं, "या गावात माझ्या परवानगीशिवाय..." म्हणून थांबला. पुढचं विसरला की काय कोण जाणे.
खुर्चीतून आवाज आला. "झाडाचं... पान... बी..."
मी हातातली बादली खाली ठेवली.
"...हलत नाई."

दीड वर्ष. मला माहीत आहे असं होतं. लकव्यात बोलणं गेलेल्याला पाठ केलेलं, गायलेलं आठवतं, ते डोक्यात दुसरीकडे साठतं. वॉर्डात पाहिलंय. नातेवाइकांना मीच समजावून सांगायची, फार आशा धरू नका. ह्यांच्याकडून म्हणवून घ्यायला भजन चालेना, अंक चालेना, 'आई'सुद्धा चालेना. चाललं काय, तर गावच्या गुंडाचं वाक्य. तेही चौदा तारखेपासून ऐकून. की त्याच्याही आधीपासून. सायकलवरून जायचे त्या दिवसांपासून.

खुशालनं यांच्या पायाला हात लावला. "भाऊ, तुमी पुढचं घ्या, मी आहो."
मी आत गेले. कांदा चिरायचा होता.

२३ नोव्हेंबर
एकूण: ५७२० + ९५० + ३०० + ४५०० = ११,४७०. बसभाडं वेगळं. पस्तीस फुटांसाठी.

अमोलनं फोनवर आकडा ऐकून "बापरे" म्हटलं, मग "मी पाठवतो अर्धे". नको म्हटलं. वाक्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रेकॉर्ड करून पाठव म्हणाला असता.

२५ नोव्हेंबर
पहिली बादली ओतून पाहिली. पाणी मोरीकडे जातं, पण नळाखालच्या कोपऱ्यात तांब्याभर साचून राहतं. उतार चुकला. बघा! तीन तासांची तपश्चर्या आणि उतार चुकला. फोन केला.
"हाव बाई, त्या कोपऱ्यात थर थोडा बसला असन. प्रयोग झाला की येतो. तोवर वायपरनं ढकला."
केव्हा येतोस? "येतो ना."
कोणत्या तारखेला ते सांगत नाही. जमिनीवर वायपर, माणसांवर विश्वास, दोन्ही आपणच ढकलायचे.

वायपर मारताना लक्षात आलं, साचतं तिथंही पाय घसरत नाही. तीन वेळा मुद्दाम घासून पाहिलं. नाही घसरत.

२६ नोव्हेंबर
सकाळी यांना न्यायला गेले तर खुर्चीच्या हाताला धरून उभे. न्हाणीपर्यंत घासत गेले. मी मागं. दारात थांबले, वळले. माझ्याकडे पाहिलं, मग बोट दाराकडे.
"काय?"
"दार."
हे वाक्य कुठल्या नाटकातलं नाही.
म्हटलं, "तुमी एकटे? काऊन? पडाल ना."
"नाई."
मी म्हटलं, अजून कोपरा व्हायचाय, तो खुशाल आलेला नाही, दोन दिवस थांबा, मी बाहेर राहीन पण दार उघडं ठेवा. सगळं म्हटलं. नर्स म्हणून जे म्हणायला पाहिजे ते सगळं. ते ऐकत उभे राहिले. मग आत गेले आणि दार लोटलं. कडी लावायला डाव्या हातानं फार वेळ लागला. लागली.

हे लिहून राह्यली ते दाराबाहेर स्टुलावर बसून. गरम पाण्याची बादली आधीच आत ठेवलेली. तांब्याचा आवाज आला, एक, दोन, तीन. साबण खाली पडला. उचलला की नाही कळलं नाही. परत तांब्या.
आता बराच वेळ काही नाही.
हाक मारावी का? मारली तर ओशाळतील, उद्यापासून दार उघडंच ठेवतील. नाही मारली तर... अजून एक तांब्या वाजेपर्यंत थांबते.