तुमच्या भावावर बर्फ घातला, त्याबद्दल

सेरो मान्सो, जुलैअखेर

आदरणीय एदुविना वन्सं यांस,

ओतिलियाचा नमस्कार पोचावा, आणि पत्र हाती येईल तेव्हा तुम्ही खुर्चीत बसलेल्या असाव्यात. गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा बरा आणि उजवा वाईट होता, त्याच्या आधीच्या पत्रात बरोबर उलट. दोघांनी आपसात एकदाचं काय ते ठरवून घ्यावं म्हणून मी इथे एक मेणबत्ती लावली आहे. भाऊजींचा खोकला कमी असेल अशी आशा करते. माझं म्हणाल तर सगळं ठीक आहे. जेवण जातं, झोप लागते, कामगारांच्या खानावळीतल्या चुली अजून माझ्याच ताब्यात आहेत.

आता मुद्द्याचं. तुमच्या कानावर आलं असेल की मी तुमच्या भावाला दुसऱ्यांदा गाडलं, आणि वरून लोकांना त्याच्यावर घसरायला लावलं. ते खरं आहे. पण कसं गाडलं तेवढं ऐकून घ्या आणि मग रागवा. रागवायला अख्खा हिवाळा पडला आहे, आणि तुमच्या अंतोफागास्तात हिवाळ्यात दुसरं करायला असतं तरी काय.

यंदा हिवाळा लागला तरी इथे बर्फ पडलाच नाही. जूनमध्ये एकदा पडल्यासारखा केला, दुपारपर्यंत गाईंनी तो तुडवून टाकला. डोंगर उघडा, तपकिरी, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीसारखा. मुलांच्या हिवाळी सुट्ट्या तोंडावर आल्या. त्या सुट्ट्यांत बर्फावर घसरायला येणाऱ्यांवर इथलं सगळं चालतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा माणसं आली नाहीत तर इनोस्त्रोसासाहेब (हे नवे व्यवस्थापक, गळपट्टा आतसुद्धा काढत नाहीत) फाटकाला कुलूप लावणार आणि आम्ही सगळे पाणीवाले, यंत्रवाले, स्वयंपाकवाले आपापल्या गावी जाऊन बटाटे मोजणार. राहिल्या बर्फाच्या तोफा, पाणी उडवून त्याचा बर्फ करणाऱ्या. पण तोफांना पाणी लागतं, आणि वरच्या तळ्यात पाणी होतं ते एकाच उताराला पुरेल इतकं. दोन्हीकडे थोडं थोडं उडवलं असतं तर दोन्हीकडे चिखल झाला असता. मग उतार कोणता? वरचा उतार दिसायला देखणा, पण तिथला वारा ताजा बर्फ उचलतो आणि नेऊन डोंगरापलीकडे अर्जेंटिनात टाकतो, आणि त्यांना फुकट काही द्यायची आमच्यातल्या कुणाचीच तयारी नव्हती. म्हणून खालचा उतार ठरला, लहान मुलांचा. यात कुणाचीच चूक नव्हती. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

फक्त खालच्या उताराच्या मधोमध तुमचा भाऊ आहे.

तुम्ही अंत्यविधी झाल्यावर लगेच परत गेलात म्हणून सांगते. लिसांद्रो जिथे पडला, तिथे, ज्या नळाच्या नळीचा सांधा सुटून त्याच्या छातीवर बसला त्या नळापाशीच, नोल्बेर्तोने त्याची अनिमिता, त्याच्या जिवाचं छोटं घर, उभी केली. (नोल्बेर्तो म्हणजे पंपावरचा, लिसांद्रोचा हाताखालचा, तुम्हाला बसपर्यंत सोडायला आला होता तो. रडत होता म्हणून त्याच्या गाडीत बसायला तुम्ही घाबरत होतात.) जुन्या टाकीच्या झाकणाचं छप्पर, दोन खिडक्या, आत फोटो आणि क्रूस. कुत्र्याच्या घराएवढं आहे, पण नेटकं. पहिल्या दिवशी नोल्बेर्तोने तिथे पाण्याची बाटली ठेवली, कारण त्याच्या मते पाणीवाल्या माणसाला पाणीच द्यावं. तिथेच घोळ झाला. मालट्रकवाल्यांनी पाण्याची बाटली पाहिली आणि त्यांना वाटलं, ही त्या वाळवंटात तहानेने मेलेल्या बाईची अनिमिता, जिला सगळे रस्त्याकडेला पाणी ठेवतात. मग जो तो येताना बाटली घेऊन येऊ लागला. तुमच्या भावाने जन्मभर पाण्याला कामापुरता हात लावला, ओठ कधी लावला नाही, आणि मेल्यावर त्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचं कुंपण झालं. लाल वाइनची एकही नाही. मी दोनदा ठेवली, दोन्ही वेळा सकाळपर्यंत ती कुणीतरी प्यायलं. तो असता तर त्याला त्या चोराचं कौतुक वाटलं असतं.

यंदा बर्फ नाही म्हटल्यावर लोक त्याच्याकडे बर्फ मागू लागले. चिठ्ठ्या, बाटल्या, एकाने तर स्कीचा एक मोजा. इनोस्त्रोसासाहेब एकदा तिथे उभे राहून म्हणाले, "ओतिलियाबाई, तळ्यापेक्षा तुमच्या नवऱ्याकडे पाणी जास्त आहे." मला वाटतं तो विनोद होता. ते विनोद करतात तेव्हाही गळपट्टा सरळ करतात, त्यामुळे कळत नाही.

तर अनिमिता हलवायला हवी होती. आणि ती कुणी हलवेना. साहेबांनी आधी नोल्बेर्तोला सांगितलं. नोल्बेर्तो म्हणाला, माझा हात दुखतो. यंत्रवाल्या यास्नाला सांगितलं (बर्फ सपाट करायचं ते मोठं यंत्र चालवते, दोन लेकरं, नवरा उत्तरेला खाणीत गेला तो तिकडचाच झाला), ती म्हणाली, "साहेब, मी डोंगर हलवीन. मेलेल्याचं घर नाही हलवणार. तो मागे लागला तर तुम्ही संध्याकाळी शहरात जाता, मला इथे राहायचंय." माणूस जिथे पडतो तिथेच त्याचा जीव राहतो, घर उचललं तर जीव बाहेर उघड्यावर पडतो, हे साहेबांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी एकच धरलं: घरच्यांनी हो म्हटलं तर बघू. घरची म्हणजे मी.

साहेब खानावळीत आले. मी कांदा चिरत होते, म्हणजे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं त्यांना अवघडल्यासारखं वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटलं. त्यांनी कागदावर चित्र काढून आणलं होतं. तिकिटाच्या खिडकीशेजारी नवी अनिमिता, संगमरवरी, उन्हावर चालणारा दिवा, खाली सेरो मान्सोचं नाव.

"बघा, इथे सगळ्यांना दिसेल," ते म्हणाले.

"तो त्या रांगेत जन्मात उभा राहिला नाही," मी म्हटलं.

"पण बाई, तिथे बर्फ घालायचाय."

"मग घाला. त्याला बर्फाचं काय, त्याने तोच घातला आयुष्यभर. घर हलवायचं नाही."

मी चिडून बोलतेय असं वाटून ते गेले आणि मग एकेक जण यायला लागला. कुणी स्पष्ट बोलेना. नोल्बेर्तो येऊन म्हणाला, "वहिनी, मी तुमच्या बाजूने आहे," आणि मग बराच वेळ मिठाची बरणी फिरवत बसला. पाद्रीबाबा म्हणाले की आत्मा सर्वत्र असतो. मी म्हटलं, तुम्ही त्याला ओळखत नव्हता, तो बोलावल्याशिवाय जेवायलासुद्धा हलायचा नाही. यास्ना नुसती जेवायला आली. तिने घेवडा खाल्ला, उरलेली भाकरी रुमालात बांधली लेकरांसाठी, थाळी स्वतः धुतली आणि गेली. ती थाळी कधी धुवत नाही. वन्सं, त्या धुतलेल्या थाळीने मला जितकं टोचलं तितकं पाद्रीबाबाच्या अख्ख्या प्रवचनाने नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, मी वाचायला लग्नानंतर शिकले, आणि ते तोफेबरोबर आलेल्या पुस्तकावर. लिसांद्रोला अक्षर येत नव्हतं आणि कबूल करायचं नव्हतं, म्हणून मी चुलीशी बसून मोठ्याने वाचायचे आणि तो खिडकीतून बाहेर बघत, ऐकत नसल्यासारखं ऐकायचा. वाचून झालं की म्हणायचा, "पुस्तक बरोबर आहे, पण डोंगराने ते वाचलेलं नाही." (डोंगराने काय वाचलं होतं ते त्यालाही नेहमी कळायचं असं नाही. एका ऑगस्टमध्ये त्याने गाड्या उभ्या करायच्या जागेवर रात्रभर ओला बर्फ उडवला, आणि जुन्या साहेबांची मोटार वसंतापर्यंत अंड्यासारखी कवचात राहिली.) तेव्हापासून मी मिळेल ते वाचते, पाहुणे विसरून जातात ती पुस्तकं, ज्वालामुखींवरचं, घोड्यांच्या रोगांवरचं, अर्धी कादंबरी. अशा वेळी काय करावं हे एकातही दिलेलं नाही.

म्हणून दुपारची भांडी उरकून मी वर गेले, त्यालाच विचारायला. वाद घालायच्या तयारीने गेले होते. म्हणणार होते, तू तर सुटलास, आणि इथे सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, यास्नाची पोरंसुद्धा. ऊन कलत होतं. बाटल्या पाहिल्या तर सगळ्या तळापर्यंत गोठलेल्या, दोन फुटलेल्या. दिवसाउजेडी. हवा इतकी कोरडी की ओठ चिरला. अशी थंडी यंदा आली नव्हती, आणि आज सोडली तर परत येईल याचा भरवसा नव्हता. तोफांना हीच लागते, नुसती थंड नव्हे, कोरडी. मी त्याच्याशी काहीच बोलले नाही. लोक म्हणतात त्याने चमत्कार केला. मला वाटतं, त्याने मला कामाला जुंपलं, नेहमीसारखं.

खाली आले आणि साहेबांना सांगितलं, घर हलवायचं नाही, झाकायचं. जिथे आहे तिथेच, वरून बर्फ, एवढा जाड की पोरं वरून जातील आणि त्याच्या छपराला धक्का लागणार नाही. साहेबांनी विचारलं, चालेल का असं? नोल्बेर्तो म्हणाला, "तिने सांगितलं ना." आणि त्याचा हात दुखायचा थांबला.

अंधार पडायच्या आत तोफा सुरू झाल्या. नोल्बेर्तोने टोपी काढली, यंत्राच्या आवाजात काहीतरी पुटपुटला आणि पहिला फवारा तुमच्या भावाच्या छपरावर धरला. आता पाणी किती सोडायचं ते बघायची रीत तुम्हाला ठाऊक नसेल: तोफेखाली उभं राहायचं, हात पुढे करायचा आणि बाहीवर बर्फ कसा पडतो ते बघायचं. उडून गेला तर कोरडा, ठीक. चिकटला तर ओला, पाणी कमी करा. लिसांद्रो त्याच्या जुन्या कॅनव्हासच्या कोटाच्या डाव्या बाहीवर बघायचा. आणि आता या सगळ्यांचे कोट नवे, गुळगुळीत, त्यांच्यावरून काहीही उडून जातं, दगडसुद्धा उडून जाईल. नोल्बेर्तो बाही धरून उभा आणि त्याला काही कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. मी माझा लोकरीचा काळा स्वेटर घातलेला होता, तो मी लिसांद्रो गेला त्या दिवसापासून काढलेला नाही. मी पुढे जाऊन हात धरला. काळ्यावर फार छान दिसतं, वन्सं. एकेक कण. चिकटत होता.

"ओला आहे. पाणी कमी कर," मी म्हटलं.

त्याने केलं. पुन्हा धरला. पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा उडाला. मग मी बाजूला झाले, आणि खिडक्या बुजल्या, मग क्रूस, मग छप्पर. बाटल्या आतच राहू दिल्या. फोटो काढून घ्यावा का असं नोल्बेर्तोने विचारलं, मी नको म्हटलं. एकट्याने तिथे आत बसायचं तर निदान स्वतःचं तोंड तरी सोबतीला असावं.

सकाळी तिथे चर्चच्या छपराएवढा ढीग होता. साहेब गळपट्ट्यासकट धावत आले आणि यास्नाला म्हणाले, पसर. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. पण ताजा घातलेला बर्फ लगेच पसरवला तर त्याचा दगड होतो, आतलं पाणी निथळून जाऊ द्यावं लागतं. तुमचा भाऊ याला बर्फ झोपवणं म्हणायचा. कुणी घाई केली की ओरडायचा, झोपू द्या त्याला. यास्ना यंत्रात चढलेली, हात दांड्यावर, साहेबांकडे बघेना, माझ्याकडे बघत होती.

"झोपू द्या त्याला," मी म्हटलं.

मी बर्फाविषयी बोलत होते. सगळे इतके गप्प का झाले ते मला नंतर, चुलीशी आल्यावर कळलं.

साहेब थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे यास्नाने तो पसरला, मध्ये एक उंचवटा ठेवून, आणि सुट्ट्यांत पोरं आली. फार नाही, पण फाटक उघडं राहील एवढी. त्या उंचवट्यावरून ती उडी मारतात आणि त्याला मानाने डॉन लिसांद्रो म्हणतात. "मी डॉन लिसांद्रोवर दोनदा पडलो," असं एक पोरगं आईला सांगत होतं. मी त्याला जास्तीची मटणाची वाटी दिली. तुमचा भाऊ सप्टेंबरात वितळून वर येईल. तोपर्यंत तो कोरडा आहे, याची खात्री मी स्वतः केली आहे. आता तुम्हाला रागवायचं असेल तर खुशाल रागवा, मी पत्राची वाट बघेन.

भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची,
ओतिलिया

ता. क. लिसांद्रोचा तो कॅनव्हासचा कोट आठवण म्हणून तुम्ही नेला होता. इथे कामगारांची बाहीवाचून फार अडचण होते, ती वर लिहिलीच आहे. तुमच्याकडे तर पाऊससुद्धा पडत नाही. बसवाल्याकडे दिलात तर नोल्बेर्तो थांब्यावरून आणेल.

ता. क. २. कामगारांनी काही मागितलेलं नाही. साहेबांनी बाहीच्या कामाला एक यंत्र मागवलं आहे, ते आकडे दाखवतं आणि बरोबर दाखवतं. आणि झोप लागते असं वर लिहिलं आहे ते पत्राची रीत म्हणून. बाकी मजकूर खरा आहे.

ता. क. ३. कोट धुवू नका. धुतला असेल, तर मला कळवू नका, तसाच पाठवा.