ओटीतला नारळ

६ जानेवारी २००१, मांडवी, रत्नागिरी

आलो बाई एकदाचे. आंबा घाटातल्या प्रत्येक वळणाला सलिल माझ्या पोटाकडं असा बघत होता की मी मांडीवर अंड्यांची टोपलीच घेऊन बसलेय. सातवा महिना आहे, आजारपण नाही, असं दोनदा सुनावलं तेव्हा कुठं खिडकीबाहेर बघायला लागला. त्याची इथं बदली झाली आणि मी साताऱ्याची शाळा सोडून मागोमाग आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ठाऊक आहे. पण आईला जाऊन तीन वर्षं झाली आणि बाबांना धड चहा करता येत नाही.

दोन खोल्या आहेत, मागीलदारी न्हाणी आणि मोहरलेला हापूस. घरमालक अण्णा निवृत्त मास्तर. त्यांच्या बायकोनं, भार्गवीकाकूंनी, आल्या आल्या भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. जेवताना आईची आठवण येऊन रडू आलं. पिठलं तिखट आहे म्हणून वेळ मारून नेली.

१० जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी रोज जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या लाथा मोजायला आणि लिहून ठेवायला सांगितलंय. मास्तरणीला आवडेल असंच काम. आज वीस मिनिटांत दहा.

एक गंमत कळली. संध्याकाळी सलिलच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की उजव्या बरगडीखाली लागोपाठ दोन लाथा बसतात. तीनदा पडताळा घेतला. सलिल इतका फुगलाय की विचारू नका.

१५ जानेवारी

सातवा सरायच्या आत ओटी भरायची म्हणून काकूंनी शेजारणी गोळा केल्या. हिरवी साडी, तांदूळ, खण, शेंडीचा नारळ. हा नारळ घरातच फोडून मीच खायचा, कुणाला द्यायचा नाही, असं काकूंनी बजावलं. मी मान हलवली आणि नारळ देवापाशी ठेवला. पाय फार सुजलेत. काकू म्हणाल्या, चिमा नावाची बाई तेल लावते, तिला निरोप धाडते.

१८ जानेवारी

दुपारी दोनला मागीलदारी बाई हजर. नाव तुळसा म्हणाली. चिमानं हिला पाठवलं असणार. चाळिशीची, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं. काकू दोन ते चार झोपतात, घर पेटलं तरी उठायच्या नाहीत, म्हणून मीच तेल तापवलं. पाय, कंबर, पाठ, आणि मग पोट. हात गार होते तिचे. पण काय सांगू, महिन्यात पहिल्यांदा मला अशी झोप लागली. लाथा दहा.

२५ जानेवारी

तुळसा रोज येते. पोटावरनं हात नेहमी एकाच बाजूला फिरवते, माझ्याकडनं तिच्याकडं, सांडलेले तांदूळ गोळा करावेत तसा. पैसे विचारले तर म्हणते, मागाहून घेईन हो बाय. मी तिला आईबद्दल सगळं सांगून टाकलं. ती ऐकते. इथं दुसरं कोण ऐकतंय?

१ फेब्रुवारी

तुळसानं आज मागणं केलं. पैसे नकोत, देवापाशी आहे तो नारळ द्या. काकूंचं बोलणं आठवलं, पण या बाईनं आईच्या मायेनं माझे पाय धरलेत, तिला नाही कसं म्हणायचं? तिनं पदर पसरला. नुसता नारळ कसा घालायचा, आईनं असं शिकवलं नाही. म्हणून मूठभर तांदूळ घातले, खण घातला, हळदकुंकू लावलं. ती डोळे मिटून उभी होती. पदर पोटाशी धरून गेली. बरं वाटलं मला.

५ फेब्रुवारी

लाथा सहा, दीड तास लागला. तुळसा जरा भरलेली दिसते. तिला म्हटलंही, आमचं तेल मानवलं हो तुम्हाला. हसली.

९ फेब्रुवारी

लाथा तीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके आहेत पण पोट महिन्याच्या मानानं लहान आहे, सोमवारी पुन्हा या. हिरव्या साडीच्या निऱ्या आज जास्त आल्या. सलिल म्हणतो, भास आहे. त्याच्या हॉर्नला आज एकच लाथ आली, हे त्याला सांगवलं नाही.

११ फेब्रुवारी

तुळसाला खाली बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिचं पोट पुढं आलंय. पदराखाली काय असेल ते असो, पण ते – हललं. मी पाहिलं. उद्यापासून येऊ नका म्हटलं. तिनं ऐकलं नसावं.

१२ फेब्रुवारी

सकाळी पुढल्या दारी एक म्हातारी आली. चिमा. लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर संगमेश्वरला होते, निरोप कालच मिळाला म्हणाली. तिनं कुणालाच पाठवलं नव्हतं. पोट चोळून घेतल्याचं सांगितलं तर म्हणाली, आठव्यातल्या बाईचं पोट कुणी चोळतं का गो? एक तुळसा तिला ठाऊक होती. तेल लावायची. नवरा टाकून गेलेला म्हणून ओटी कुणी भरली नाही, आणि तशीच नवव्यात गेली. तीस वर्षं झाली.

काकूंना नारळाचं सांगितलं. म्हणाल्या, भरलेली ओटी परत मागता येत नाही.

मी काही कोकणातली नाही. मी मागणार.

दुपारी डॉक्टरीणबाईंकडं – ठोके जरा मंद. उद्या संध्याकाळी दाखल व्हायचं.

१३ फेब्रुवारी

सकाळपासून लाथ नाही. एकही नाही. काकूंनी सलिलला फोन केला, तो निघालाय. त्या पुढल्या दारी रिक्षा बघतायत.

दोन वाजले. मागीलदारची कडी मी स्वतः घातली होती –

ती आत आहे. नववा लागलेली बाई चालते तशी चालत आली. चटईवर आडवी झाली. म्हणते, आज तू मला तेल लाव गो बाय.

ओरडले तर काकू येतील, पण ही उठून जाईल. तिच्याबरोबर ते – नको. जाऊ द्यायचं नाही.

डावा हात तिच्या पोटावर ठेवलाय. उजव्यानं लिहितेय. मोजायचं म्हणून. पोट गरम आहे. माझं गार –

स्कूटर. हॉर्न वाजला.

माझ्या हाताखाली, तिच्या उजव्या बरगडीपाशी, लागोपाठ दोन.

तुळसा हसतेय. म्हणते, बापाला ओळखतो हो.

तांदूळ गोळा करतात तसा. तिच्याकडनं माझ्याकडं. मला येतं ते. मी हात ओढ