निळा लॉट

५ जानेवारी
सुरत आवडली. सचिन भागातल्या, साड्या रंगवायच्या डाइंग मिलमध्ये चिकटलो. मुक्काम डिंडोलीत, शालिग्रामच्या खोलीवर. तो आमच्या अमळनेरचाच, मिलमध्ये सहा वर्षं मुरलेला. महिना सरला की ज्योतीला आणायचं. लग्नाला तीनच महिने झालेत; पत्र्याची का होईना, खोली बघून ठेवलीय. सध्या साड्यांचा गडद लाल, मरून रंगाचा लॉट चालू आहे. सगळ्यांचे हात, बनियन, नाकातला शेंबूडसुद्धा मरून. मला हसू आवरेना.

१२ जानेवारी
नाक चोंदलंय, गुडघे ठणकतात. खोकल्यातून लाल पडलं. घाबरून शालिग्रामला दाखवलं. तो म्हणाला, "रंग शे तो. दोन दिनमा निंघी जाई." त्याचीही थुंकी लालच होती. जिवात जीव आला.

१९ जानेवारी
गेले चार दिवस निळा लॉट आहे. पाळी सुटली की सगळे नळावर खाकरतात. सगळ्यांचं निळं पडलं. माझं लालच.


२३ जानेवारी
गल्लीतल्या डॉक्टरांनी टीबी धरला. तपासणीत सापडला नव्हता, तरी गोळ्या दिल्या. पायांवर जांभळे ठिपके उठलेत. जिना चढताना दोनदा बसलो. ज्योतीला अजून काही सांगितलं नाही.

२७ जानेवारी, सकाळ
आंघोळ करताना श्वास अडकला — आत जाईचना. शालिग्रामनं रिक्षात घालून आणलं. मोठं हॉस्पिटल. तोंडावर मास्क.

दुपार
टीबी नाही म्हणाले. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच उलटलीय. रक्तवाहिन्या सुजून फुटतायत, फुप्फुसांत रक्त भरतंय. राखी सिस्टरनं सोपं करून सांगितलं, "घराचा राखणदारच घरच्यांना मारतोय." मग मी पळू कुठं?
औषध सुरू केलंय. त्याला दिवस लागतात. माझ्याकडे किती — कुणी सांगत नाही. फार भीती वाटतेय.

चार वाजता
शालिग्रामनं सकाळीच कळवलं, ज्योती गाडीत बसलीय. नवापूर गेलं. घशात नळी घालणार — मग झोपवूनच ठेवतात. ती येईपर्यंत थांबा, म्हणालो. डॉक्टरांनी मानेनंच नाही म्हटलं.

ज्योतीचा फोन कानाशी. काहीतरी बोला म्हणते — बोलायला हवा पुरत नाही — मी लिहितो, शालिग्राम तिला वाचून —

ज्योती, मी शुद्धीवर आहे. तू रडू नकोस. मला तुला एवढंच —