आरशात बघून काढ

७ जानेवारी २००२, नाशिक रोड
लागले एकदाची नोकरीला! कळवणात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या मुलीला आता कार्टूनच्या स्टुडिओत स्वतःचं टेबल आणि चक्क स्वतःचा आरसा. टीव्हीसाठी मालिका निघणार आहे. तिचा नायक फुगडू, एक गालफुग्या उंदीर. त्याची गोष्ट चौकटी-चौकटींत मांडायची, म्हणजे स्टोरीबोर्ड. मला सध्या त्याचाच सराव दिला आहे. स्टुडिओचे मालक संतोष सर म्हणाले, मनाने काढायचं नाही. आधी आरशात तो भाव स्वतः करायचा, मग कागदावर उतरवायचा. म्हणजे दिवसभर वेडीवाकडी तोंडं करायचा पगार! समोरच्या टेबलावर गोरक्षदादा, इथला सगळ्यात जुना माणूस. माझ्यासारख्या बडबडीच्या नशिबी नेमका हा घुम्या!

९ जानेवारी
फुगडूला पतंग सापडतो आणि तो खदखदून हसतो. आरशासमोर इतकी हसले की गोरक्षदादाने कानांवर हात ठेवले. चौकट झकास जमली. सरांनी ती भिंतीवर लावली. फुगडूच्या गालावर माझी खळी उमटली आहे. मुद्दाम काढली नव्हती, पण शोभते मेल्याला.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटताना सरांनी काहीतरी विनोद केला, सगळे पोट धरून हसले. मलाही हसू आलं, पण ओठ हलेनात. आरशात पाहिलं तर गाल थिजलेले, खळी नाहीच. थंडीने असेल. यंदा नाशिकची थंडी हाडात शिरते आहे.

१८ जानेवारी
आज फुगडूचं रडणं काढलं. काढताना खरंच रडले. संध्याकाळी घरमालकीणबाईंकडे आईचा फोन आला. भागीआत्या गेली. तिनेच मला लहानाचं मोठं केलं. रडायचं होतं, आणि डोळे कोरडे ठाक. कधी गेली, कशी गेली, सपाट आवाजात विचारत राहिले. आई म्हणाली, "पोरी, रड गं. अशी दगडावाणी नको राहू, मला लय भ्या वाटतंय." मलाही वाटतंय.

२१ जानेवारी
भिंतीवरच्या माझ्या दोन्ही चौकटींसमोर उभी राहिले. ते हसू माझं. ते डोळे माझे. आरशात बघून जे जे काढलं, ते माझ्यातून गेलं —
गोरक्षदादाला सांगितलं. वाटलं, वेड्यात काढेल. तो दचकलासुद्धा नाही. खाली मान घालून म्हणाला, मी आरसा कधीच ठेवत नाही. दुसऱ्याला बघून काढतो. आधी तुझ्या या खुर्चीवर मीना बसायची. तिचं काय झालं विचारलं, तर उठून गेला.

२२ जानेवारी
चौकटी परत हव्यात. बाकी काही नको. नोकरीही नको. हसू आणि रडू घेऊन आईकडे जायचं आहे.

२३ जानेवारी, दुपार
सर म्हणाले, जेवण झालं की चौकटी देतो, बस तोवर. बसले आहे. आरसा पालथा घातला. पेन्सिलीला हात लावणार नाही. फक्त हे लिहिते आहे, मन थाऱ्यावर राहावं म्हणून —
गोरक्षदादा सारखा बघतोय. कागदावर पेन्सिल चाललीय —
विचारलं, काय काढतोस. म्हणाला, फुगडू आईला पत्र लिहितो, तो बोर्ड. सरांना आजच हवाय —
ओरडले, माझ्याकडे बघू नकोस! त्याचे डोळे भरले. म्हणाला, तोंड नाही घेत ताई, फक्त हात —
बोटं जड झाली — पेन ध