न हलणाऱ्या शेपट्या

३ जून

वांझ! बाटलीवर चक्क लिहिलंय — 'मादी वांझ'. माझ्या कितीतरी आधी कुणीतरी लिहून गेलं, आणि फळमाश्यांची ही जात तेव्हापासून तो शिक्का मिरवत प्रयोगशाळेत जगते आहे, तीही दोष लपवून वाहणाऱ्या धडधाकट भावंडांच्या जिवावर. सरांना विचारलं, हे तपासलं कुणी? "अगं, सगळ्यांना माहीत आहे ते. अंडी घालतात, एक फुटत नाही." पण त्या माद्यांजवळ नरही त्याच सदोष जातीचे होते ना? सर हसले. "आता माश्यांची वकिली करणार का?"

हो, करणार!

घरी आले तर सासूबाई फोनवर नणंदेला सांगताहेत, "हिचंच काहीतरी असणार. दिवसभर त्या औषधांच्या वासात." मला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. मुद्दामच.

४ जून

नवऱ्याला सांगितलं. "जाऊ दे गं, आई आहे ती." जाऊ दे, जाऊ दे! गोळ्या मी गिळल्या, सुया मी टोचून घेतल्या, दुर्बिणीचं ऑपरेशनही माझ्याच पोटावर. त्याची एक साधी तपासणी — तर "करू की, घाई काय आहे!"

७ जून

माद्या वेगळ्या काढल्या. कोशातून नुकत्याच निघालेल्या हव्यात, फिकट, पंखही धड न उलगडलेल्या. जरा उशीर झाला की नर गाठतात आणि सगळी मेहनत पाण्यात. त्या जरा मोठ्या झाल्यावर त्यांच्याजवळ चांगल्या जातीचे नर सोडायचे. दुसऱ्या बाटलीत उलट — चांगल्या माद्या, सदोष नर. एवढी साधी अदलाबदल, पण आजवर कुणाला सवड झाली नाही!

१३ जून

अळ्या! 'वांझ' माद्यांच्या बाटलीत खाद्यभर अळ्या वळवळताहेत. दुसऱ्या बाटलीत शुकशुकाट.

बाटली नेऊन सरांच्या टेबलावर आदळली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हं. मग नरांमध्ये बघ." बस्स! इतक्या वर्षांच्या ठपक्याबद्दल एक शब्द नाही. निदान "चुकलं" म्हणायचं होतं. मी तिथल्या तिथे बाटलीवरचं कागदाचं चिटोरं नखानं खरवडून काढलं.

१८ जून

नर सोलून आतली वृषणं काचेवर पसरली. आधी चांगल्या जातीची, मग ह्या सदोष नरांची.

शुक्राणू बनायच्या कितीतरी आधी, पेशी अजून दुभंगलेलीही नसते, तेव्हाच तिच्या कडेला चार इवले तंतू उगवतात. सिलिया. मग पेशी दोनदा विभागते, एकीच्या चार होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला एकेक तंतू येतो. त्याच्याच बुडाशी पुढे शेपूट बांधली जाते, जवळपास माशीच्या अंगाएवढी लांब! एवढ्याशा जिवाचा केवढा खटाटोप.

आणि ह्या नरांत सगळं बिनचूक. चार तंतू आहेत, वाटणी बरोबर आहे, शेपूट पूर्ण लांबीची आहे. फक्त हलत नाही. चांगल्या नराच्या शेपट्या सळसळतात, ह्या भिजलेल्या दोऱ्यासारख्या पडून. वरवर बघणाऱ्याला काय कळणार? दिलं मादीवर ढकलून!

१९ जून

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या नाकात, छातीत जे सूक्ष्म तंतू कफ वर ढकलतात, त्यांचा आणि शुक्राणूच्या शेपटीचा सांगाडा एकाच घडणीचा. आणि माझा नवरा जन्माचा सर्दीवाला. बारमाही चोंदलेलं नाक, सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ. सासूबाई कौतुकानं सांगतात, "लहानपणापासून नाजूकच तो."

माशीवरून माणसाचं निदान करू नये, एवढं मला कळतं. पण तपासायला नको?

आज पहिल्यांदाच त्याच्यावर चिडले नाही. बिचाऱ्याला कल्पनाही नसेल.

२० जून

जेवताना सगळं सांगून टाकलं, शेपट्यांपासून खोकल्यापर्यंत. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "माझ्या मुलाला माशी म्हणतेस?"

"माशीला निदान तपासलं तरी, आई!"

हा ताट उचलून उठला. नंतर खोलीत येऊन म्हणाला, "बरं, जाऊ." डॉक्टरांचं नाव सांगितल्यावर मात्र चुळबुळ सुरू. दुसरीकडे जाऊ म्हणे, तिथे फार गर्दी असते. मी ऐकलं नाही. खोकला आणि हे, दोन्हींची एकत्र तपासणी तिथेच होते. वेळ ठरवून टाकली. घाबरला असणार. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. आईपुढे तोंड उघडत नाही, पण आला ना माझ्या बाजूनं!

२१ जून

सासूबाई बोलत नाहीत. न बोलोत.

२८ जून

डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि त्याच्याकडे बघून सहज म्हणाले, "मागच्या वेळेपेक्षा काही फरक नाही. शेपट्या हलत नाहीतच." मागची वेळ? कधीची, मी विचारलं. त्यांनी सांगितली. माझ्या ऑपरेशनच्या आधीची! ऑपरेशनच्या सकाळी हाच माझ्या उशाशी बसून म्हणत होता, "घाबरू नकोस, तुझ्यात काय दोष आहे ते एकदाचं कळेल."