सवतीचं नाव

चि. भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. तुमची कंबर आता कशी आहे? अजून धरत असेल तर हे पत्र बसून वाचा.

मागच्या महिन्यात तुम्ही ह्यांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम घालून दिलीत, यंत्र पळायला लागलं, उपकार झाले. पण त्या नादात त्याचं जुनं नाव पुसून 'पीसी-१' ठेवलंत. जुनं नाव 'सवत' होतं. (मी रोज टोमणा मारायचे, म्हणून ह्यांनीच ठेवलेलं. तीस वर्षांत माझं एवढं एकच म्हणणं त्यांनी लेखी मान्य केलं.) सकाळी यंत्र लावलं की ते नाव दिसायचं. ते दिसेना, तेव्हा घरात आणखी कोणी कमी झाल्यासारखं वाटलं. तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "वहिनी, नावाच्या फायली संरक्षित असतात, हात लावू नका." म्हणून लावला.

वाचनालयातून साडेचारशे पानांचं पुस्तक आणलं. (ग्रंथपालबाईंनी विचारलं, "नातवासाठी का?" म्हटलं, "नातू झाला की शिकवीन त्याला.") फाइल उघडली, नाव बदललं, तर यंत्र म्हणे, तुम्हाला परवानगी नाही. सासूबाईंनंतर हे प्रथमच ऐकलं. मग पुस्तकातली अधिकाराची आज्ञा दिली, तर उत्तर आलं की आपलं नाव यादीत नाही, या प्रकाराची नोंद कळवली जाईल. मी केस विंचरून चौकशीची वाट बघत बसले. दुपार गेली, कोणी फिरकलं नाही. यादीत होतात एकटे तुम्ही. माझ्या घरात, ह्यांच्या टेबलावर!

मग पान तीनशे बारा उघडून यंत्र दुरुस्तीच्या दाराने चालू केलं. तिथल्या काळ्या पडद्यावर कोणी ओळख विचारत नाही. आधी यादीत माझं नाव घातलं, मग यंत्राचं बदललं. तरी दर आज्ञेला त्याची कुरकुर, की 'सवत' हे नाव ओळखीचं नाही. नाव दोन फायलींत लिहायचं असतं, मी एकीतच लिहिलेलं! दुसरीतही लिहिलं, बंद करून चालू केलं आणि पडद्यावर 'सवत' उमटली. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून शेजारच्या शिंपीणबाई धावत आल्या. म्हटलं, "सवत परत आली!" बिचारीने मला धरून खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

तुमची,
(आता यादीतली) वहिनी

ता. क. तुमचं नाव यादीतून काढलं आहे. अर्ज केलात तर विचार करीन.

आणखी एक. रविवारी ह्यांचं कपाट रिकामं करायला गाडी आणणार होतात, ती नको म्हणून कळवा. ते शर्ट कधी काढायचे ते मी सांगेन. तुम्ही जेवायला जरूर या. पण हात हलवत या आणि हात हलवतच जा.