एकाच बाईच्या त्रेचाळीस तक्रारी

३ नोव्हेंबर, सोमवार
अ‍ॅप एकदाचं दोन्हीकडे उघडलं! लातूरला डॉ. उमाशंकर यांच्या आयफोनवर, आणि उमरीजवळच्या गावात तिथल्या आशा सेविका सिंधूताईंच्या काच फुटलेल्या अँड्रॉइडवर. करणारे आम्ही दोघंच — मी आणि हरिओम. शनिवारी जिल्ह्याचे साहेब बघायला येणार. गावातलं दुखणं डॉक्टरांपर्यंत पोचलं तर काम पुढे, नाहीतर गाशा गुंडाळा.

४ नोव्हेंबर
अ‍ॅपमधला व्हिडिओ कॉल काढून टाकला. गावात रेंज फक्त चिंचेखाली. आता नुसतं लिहून पाठवायचं. हरिओम फुगून बसलाय — महिना घातला होता बिचाऱ्यानं.

५ नोव्हेंबर
डॉक्टरांचा फोन. "शिवानी, ही सिंधू जिवंत कशी गं? वय चौतीस. सातवा महिना, मोतीबिंदू, वर दाढीत गळू!" एका बाईच्या नावावर त्रेचाळीस तक्रारी! हसून हसून पुरेवाट झाली.

मग सिंधूताईंना विचारलं. "मंग काय करू ताई? तुमचं अ‍ॅप एका नंबरावर एकच मानूस घेऊन राहिलं. बायांपाशी फोन न्हाई. गडी कापसात, फोन बी त्यांच्यासंगं. घातलं समद्यांचं माझ्याच नावावर!"

एक नंबर, एक रुग्ण — नियम माझाच. मोठ्या तोऱ्यात केलेला. आमच्या घरात माणशी एक फोन, म्हणून सुचला. लाज वाटली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
नियम काढला. आता अ‍ॅप आधी विचारतं — तक्रार कोणाची? जुन्या तक्रारी मी फोनवर एकेक वाचल्या, सिंधूताई नावं सांगत गेल्या. मोतीबिंदू शेषेराव आजोबांचा. सातवा महिना दीपमालाचा. मध्येच आलं — "छातीत गाठ, दुखत नाही." त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या ताई. चुकून पडलं असंल. म्होरचं वाचा."

घाई होती. मी पुसून टाकलं.

८ नोव्हेंबर
पास! साहेबांसमोर बेचाळीस जणांना बेचाळीस उत्तरं आली. हरिओमचा फुगा उतरला, पेढेही त्यानंच आणले. सिंधूताईंनी पेढा पदराला बांधून घेतला.

९ नोव्हेंबर
सकाळी अ‍ॅपवर नवी तक्रार. कोणाची — स्वतःची. सिंधू, वय चौतीस. छातीत गाठ, दुखत नाही. सहा महिने झाले. खाली लिहिलंय — "समद्यांचं झालं. आता माझं बघा."

डॉक्टर म्हणाले, आजच घेऊन ये. निघालेय.

गुरुवारी हीच ओळ मी पुसली होती.